भयाचं काम

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आली की आमच्याकडची ज्वारी डोक्याच्या वर जाते. सकाळी धुकं एवढं असतं की सास्तूरच्या बाजूनं गावाकडं वळलेली मोटारसायकल आधी ऐकू येते आणि मग केव्हातरी दिसते. करडईचा, ओल्या मातीचा आणि कुठंतरी पेटवलेल्या काट्याकुट्यांचा मिळून एक वास येतो. मी धाराशिवला राहते, कॉलेजात मराठी शिकवते. तिथंही पहाटे खिडकी उघडली की कधीकधी हा वास येतो. पन्नास-साठ मैलांवरून तो कसा येईल? पण येतो. मग मी शनिवारची वाट बघते आणि गावाकडची एसटी धरते.

अमावास्येला अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप, कोपीत चुना फासलेले दगडाचे पांडव, पुढं आंबिलाचं मडकं, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. पोटभर जेवून माणसं बांधावर, झाडाखाली, जागा मिळेल तिथं आडवी होतात. त्या दुपारी कुणी कुणाला उठवत नाही. ज्वारीची पानं एकमेकांवर घासतात, त्याचा आवाज लांबून पाणी वाहावं तसा येतो. अर्धवट झोपेत मला दरवर्षी एकच हिवाळा दिसतो. लॉकडाऊन संपून गाव पुन्हा हिंडू-फिरू लागलं त्यानंतरचा. त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या रस्त्यावरून लोभ चालत गेला होता, मद गेला होता, आळसाची तर बाज चौघांनी उचलून आणली होती. आणि वेशीत भय उभं होतं.

त्या वर्षी वर्गात मी जुनी रूपकनाटकं शिकवत होते. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडं संस्कृतात अशी नाटकं लिहिली गेली. त्यांत माणसं नसतात. विवेक राजा असतो, मोह त्याचा शत्रू असतो, श्रद्धा आणि शांती मायलेकी असतात. तिकडं युरोपातही पुढं काही शतकांनी, साथीच्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडायची त्या काळात, लोक बाजारच्या चौकात असली नाटकं करायचे. एक साधा माणूस वाटेनं निघालाय आणि त्याला सद्गुण, दुर्गुण, शेवटी मरण, सगळे एकेक करून भेटतायत. काम करणारे कुणी नट नसत. सुतार, विणकर, खाटीक, ज्याला आवाज आहे तो. पोरं जांभया देत ऐकत होती. एकानं विचारलंही, "मॅडम, माणसं नसलेल्या नाटकात बघायचं काय?" मी घड्याळ बघितलं आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.

येळवसला गावी गेले तेव्हा हे सगळं मी सोपानगुरुजींना सांगितलं. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलेलं. आता सत्तरी उलटलेली, काटक, पांढरं धोतर. कोपीशेजारी बसून ते आंबील पीत होते. ऐकता ऐकता त्यांनी वाटी खाली ठेवली.

"म्हणजे सोंगंच की ही."

"सोंगंच म्हणा, गुरुजी."

"मग माघातल्या जत्रंला हेच करू. दोन वर्षं जत्रा न्हाय, यंदा तमाशावाले मागतील तेवढं द्यायची गावाची ऐपत न्हाय. तू लिही. म्या बसवतो."

मी हसले. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "गाव गप झालंय, पोरी. बोलतंय, पण गप झालंय. तुला तिथं धाराशिवात बसून कळायचं न्हाय."

मला कळत होतं. सगळ्या गावाला कळत होतं.

आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. सरळ आखलेले रस्ते, एका मापाची घरं. रस्ते इतके रुंद की समोरच्याशी बोलायचं तर आधी ओट्यावरून खाली उतरावं लागतं. जुनं गाव मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एक चिंच. एक अरुंद बोळ, त्यात कायम सावली. आणि ती पहाट. तिच्यातलंही थोडंच. तोंडात माती, वर कुठंतरी बोटभर उजेड, आणि दोन माणसांचे आवाज. "हळू रं." "तू तिकडनं धर." "हळू, लेकरू हाय." ते दोन आवाज म्हणजे भगवानतात्या आणि हरीकाका. दोघं विशीतले, एका ताटात जेवणारे दोस्त. त्या दिवशी त्यांनी नुसत्या हातांनी दगड उपसून किती माणसं काढली याची गावात अजून गोष्ट सांगतात. त्या माणसांतली एक मी.

पुढं हरीकाका पुण्याला गेले. एका सोसायटीत वॉचमनचं काम करायचे. त्यांची बायको, सुमनकाकू, गावीच राहिली. थोडं रान होतं, ते ती बघायची. दर दिवाळीला हरीकाका यायचे, आणि ते येईपर्यंत तात्या घरी फराळाला हात लावायचे नाहीत.

लॉकडाऊन लागलं तेव्हा मी धाराशिवात अडकलेली होते. जे घडलं ते मला आधी फोनवर आणि नंतर प्रत्येकाच्या तोंडून थोडंथोडं कळलं. गावानं वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. बाहेरचं कुणी आत यायचं नाही. पहाऱ्याला तात्या. हरीकाका भाजीच्या ट्रकमधून उमरग्याच्या बाजूला उतरले आणि तिथून ऊन डोक्यावर घेत चालत आले. वेशीत आले तेव्हा काट्यांच्या अलीकडं तात्या होते आणि पलीकडं ते.

"गावानं ठरवलंय, हरी," तात्या म्हणाले. "थोडे दिस कोठ्यावर ऱ्हा."

हरीकाका मागं वळले. पिशवी खांद्यावर टाकून रानातल्या कोठ्याकडं गेले. ढोरांसाठी बांधलेलं पत्र्याचं शेड ते. वैशाखातला पत्रा. सुमनकाकू रोज भाकरी बांधावर ठेवून मागं सरायची, मग ते येऊन उचलायचे. दोघं लांबून बोलायचे. काही दिवसांनी त्यांना ताप चढला. कसला ताप, ते कुणालाच कधी कळलं नाही. दवाखान्याची गाडी बोलावली. ती यायच्या आधी एका सकाळी बांधावरची आदल्या संध्याकाळची भाकरी तशीच होती.

काकूनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुणाच्या दारात जाऊन तळतळाट केला नाही. तिनं फक्त भगवानतात्यांशी बोलणं सोडलं. आणि तात्यांनी मान वर करणं सोडलं. देवळापुढं ते बसलेले असले आणि काकू रस्त्यानं आली की अख्खा पार गप व्हायचा. ती पुढं गेली की बोलणं पुन्हा सुरू व्हायचं, पण तुटलं होतं तिथून नव्हे, भलतीकडूनच.

मला मात्र दोघंही हवे होते. गावी गेले की मी तात्यांच्या ओट्यावर बसायचे, मग काकूच्या. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना रस्ता ओलांडायचा एवढंच. पण तो ओलांडताना दर वेळी वाटायचं, आपण काहीतरी चोरून नेतोय.

नाटक मी लिहिलं. सोपं लिहिलं. जीव नावाचा एक माणूस देवळापासून निघतो आणि वेशीकडं चालत जातो. रस्ताभर त्याला एकेक जण अडवतो, एकेक जण सोडवतो. स्टेज नव्हतंच. गावाचा रुंद रस्ता हेच स्टेज, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बघणारे. रात्री पंपाला वीज येते तेव्हा बाप्ये रानात पाणी द्यायला जातात, म्हणून नाटक दुपारी, उन्हं कलताना.

कामं वाटायला गुरुजींनी देवळापुढं सगळ्यांना बोलावलं. ती संध्याकाळ आठवली की मला अजून हसू येतं. माजी सरपंच म्हणाले, "विवेकाचं काम मला द्या."

गुरुजी म्हणाले, "विवेक बोलतो कमी, ऐकतो जास्त. जमंल का?"

सरपंचांनी मदाचं काम घेतलं. पिठाची गिरणी चालवणारा रामा, दिवसभर उभा असणारा माणूस, त्याला आळस दिला. जीव गुरुजी स्वतः. क्षमेला आवाज लागणार होता, आणि गावात जात्यावरच्या ओव्या, पाळणे, काहीही म्हणायचं तर एकच गळा होता. सुमनकाकू मागच्या बाजूला बायकांत बसली होती. गुरुजींनी नुसतं तिकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला आणि मान हलवली.

शेवटी भय उरलं. वेशीत उभं राहून जिवाला अडवायचं आणि क्षमेनं सांगितलं की वाट सोडायची. काम मोठं नव्हतं, पण कुणी हात वर करेना. गुरुजी एकेकाकडं बघत होते. पोरं खाली बघत होती. वेशीत उभं राहून कुणाला तरी अडवायचं, हे आमच्या गावात कुणी सहज करेल असं काम राहिलं नव्हतं. ते लिहिताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं का? आलं असेल. झोपेत चालणाऱ्या माणसाला पायाखालची वाट माहीत असते, तशी काहीतरी ती माहिती होती.

"भयाचं काम म्या करतो."

तात्या पाराच्या कडेला उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते कळलं नव्हतं. आवाज इतका बारीक की गुरुजींनी "काय?" म्हणून विचारलं आणि तात्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

सगळ्यांचं लक्ष काकूकडं गेलं. ती उठली. वाटलं, आता जाईल आणि परत येणार नाही. पण तिनं फक्त पायावर चढलेली मुंगी झटकली आणि पुन्हा बसली.

मग तालमी सुरू झाल्या. रोज दिवेलागणीला. त्या दिवसांचं मला काय काय आठवतं! हरभरा घाट्यावर आलेला. तालमीला येताना प्रत्येकाच्या हातात उपटलेला डहाळा, आणि जीव-लोभ-मत्सर सगळे मिळून रस्त्याच्या कडेला टरफलांचा खच पाडायचे. मद डोक्याला मोठा फेटा गुंडाळून घरून निघायचा तेव्हा त्याची नातवंडं मागं पळायची. क्रोधाला राग येत नव्हता. तो गावातला सगळ्यात मवाळ माणूस होता. गुरुजींनी त्याला एकदा जवळ घेऊन कानात काहीतरी सांगितलं, आणि तो असा ओरडला की झाडावरचे बगळे उठले. काय सांगितलं ते दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि हवेत कायम तो गारवा, आणि बोलताना तोंडातून निघणारी वाफ. वाटायचं, वाक्यं दिसतायत.

फक्त वेशीतला प्रवेश आला की सगळं थंड पडायचं. तात्या आपलं वाक्य जमिनीकडं बघत म्हणायचे, "थांब. पुढं जाऊ नको. पुढं काय हाय ठाऊक न्हाय." मग काकू यायची. माझ्या संहितेत तिचं वाक्य होतं, "भया, मी तुला क्षमा केली. वाट सोड." ती ते वाक्य समोरच्या विजेच्या खांबाला म्हणायची.

एका संध्याकाळी तिच्या चुलीपाशी बसून मी विचारलं, "काकू, वाक्य बदलू का? नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ?"

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"आंगावर घेतलंय ते करू दे, माय."

"पण तुला त्रास होतोय."

"व्हतोय की." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुझी ती क्षमा. कुटं ऱ्हाती ती? तिचं कुणी मेलंय का?"

मला एकदम वर्गातला तो पोरगा आठवला. माणसं नसलेल्या नाटकात बघायचं काय. मी म्हटलं, "तिचं कुणी नसतं, काकू. ती नुसती क्षमा असते."

"मग तिला सोपंच हाय," काकू म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी नैवेद्य, दुपारी कुस्त्या, आणि उन्हं कलल्यावर नाटक. आजूबाजूच्या वस्त्यांवरूनही माणसं आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे ओटे भरले, मग गच्च्या भरल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं उभी राहिली. माघातलं ऊन तिरपं, पिवळं. धुरळा त्यात तरंगत होता. मी एका ओट्याच्या कोपऱ्यावर बसले होते आणि मला सगळं जरा लांबचं, पाण्याखालचं असल्यासारखं दिसत होतं.

गुरुजी देवळातून निघाले. पांढरं धोतर, अनवाणी. जीव. लोभानं त्यांच्या खांद्यावर पोतं दिलं, मग दुसरं दिलं, तिसरं दिलं. लोक हसले. मदानं त्यांच्या डोक्यावर फेटा घातला तो नाकापर्यंत आला. आळसाची बाज चौघांनी वाजतगाजत आणली, आणि रामाला बाजेवर खरंच झोप लागली. जीव त्याला हलवतोय, गदागदा हलवतोय, आणि आळस घोरतोय. ती झोप खरी आहे हे लोकांना कळलं तेव्हा जो हशा पिकला तो थांबेचना. शेवटी त्याच्या बायकोनं ओट्यावरून हाक मारली, "आवो, उठा की!" आणि दोन वर्षांत ऐकलं नव्हतं तसं गाव हसलं.

त्या हशातच जीव वेशीपाशी पोचला. आणि हसू विरलं.

तात्या वेशीत उभे होते. तालमीत ते नुसता हात आडवा करायचे. त्या दिवशी त्यांनी बाभळीची फांदी आणली होती. खरी, हिरवी, लांब पांढऱ्या काट्यांची. कुणालाच माहीत नव्हतं, गुरुजींनाही नाही. त्यांनी ती ओढत रस्त्याच्या मधोमध आणली आणि आडवी टाकली. टाकताना काटे तळहातात घुसले असणार. कुणाचं तरी तान्हं रडलं, त्याला कुणीतरी पटकन पदराखाली घेतलं.

"थांब," तात्या म्हणाले. "पुढं जाऊ नको. पुढं..." आणि पुढचं आलंच नाही.

गुरुजी काट्यांसमोर थांबले. आता क्षमेनं यायचं होतं. काकू आली. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. ती सरळ चालत गुरुजींच्या बाजूला येऊन उभी राहिली, फांदीच्या त्याच अंगाला. पहिल्यांदाच तिनं खांबाकडं बघितलं नाही. तात्यांकडं बघितलं. मला माझ्या लिहिलेल्या वाक्याची लाज वाटायला लागली, इतकं ते मला त्या क्षणी गुळगुळीत वाटलं.

"का आडवलंस?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. आणि काकूनं तात्यांना कधी 'तू' म्हटलेलं गावानं ऐकलं नव्हतं. ते तिच्या नवऱ्याचे दोस्त, तिचे भावजी. पण भयाला क्षमा 'तू' म्हणू शकते.

तात्यांचे ओठ हलत होते. "भ्या वाटलं, वैनी."

"कुणाचं?"

"सगळ्याचंच. लेकरांचं. माझं. भूकंपात न्हवतं वाटलं. तवा काय गमवायचं ते आधीच गेलं व्हतं." त्यांनी तळहात पुसला. "ह्या येळी वाटलं."

"त्येनलाबी वाटलं आसंल," काकू म्हणाली. "येकलेच व्हते."

तात्यांनी मान खाली घातली. काकूचा आवाज चढला नव्हता. उलट, ओवी म्हणताना शेवटच्या ओळीला उतरतो तसा उतरला होता, पण शेवटच्या ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

"हितं मला म्हणायचंय, तुला माफ केलं म्हणून. ह्या पोरीनं तसं लिवलंय. म्या न्हाय म्हणणार. मला अजून म्हणता येत न्हाय." ती वाकली. फांदीचं तिच्या बाजूचं टोक धरलं. "पर वाट मोकळी कर. म्हाताऱ्याला जाऊ दे. धर तिकडनं."

तात्यांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती फांदी रस्त्याच्या कडेला ओढत नेली. काटे मातीत ओरखडत गेले. गुरुजी बाजूनं चालत वेशीबाहेर गेले, ज्वारीच्या मधल्या पांदीत शिरले आणि दिसेनासे झाले. नाटक तिथंच संपायचं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या बाजूच्या ओट्यावरची एक म्हातारी उठली आणि चप्पल न घालताच वेशीकडं चालत गेली. तिच्या मागं आणखी दोघी. मग लोक नुसते उतरायला लागले, ओट्यांवरून, गच्च्यांवरून, आणि वेशीपाशी जाऊन उभे राहिले. हरीकाका वेशीत आले त्या दिवशी 'त्यांना अडवू नका' असं कुणी म्हणालं नव्हतं. आताही कुणाला काही म्हणता आलं नाही. सगळे फक्त काकूच्या जवळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधी काकूकडं गेले. ओट्यावर बसून आम्ही चहा पीत होतो. तात्या आले. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. ओट्याच्या खालीच उभे राहिले.

"वैनी, येक इचारू?"

काकूनं बशी खाली ठेवली.

"कोठ्यावर आसताना हरी काय बोलला व्हता का? माझ्याबद्दल?"

मला वाटलं होतं ती "न्हाय" म्हणेल.

"बोलले व्हते. म्या तुमाला शिव्या देत व्हते बांधावरनं. तर म्हणाले, भगवानचं बरुबर हाय. गावात लेकरंबाळं हायती."

तात्या पायरीवर बसले. फडकं गुंडाळलेला हात त्यांनी तोंडावर धरला.

"येवढे दिस सांगितलं न्हाय तुमी, वैनी."

"तुमी इचारलं न्हाय." तिनं बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्यांनी तुमाला तवाच माफ केलं, भावजी. मला न इचारता केलं. त्येच मला सोसत न्हाय. त्यांचं त्यांच्यापाशी. माझं अजून माझ्यापाशी हाय."

आत जाऊन तिनं तिसरा कप आणला आणि पायरीवर ठेवला. तात्यांनी डाव्या हातानं घेतला. तिघं बसून राहिलो. धुकं उतरत होतं. रस्त्यापलीकडचं घर हळूहळू दिसायला लागलं, आधी दार, मग दारावरचं तोरण, मग पत्रे.

कॉलेजात परतल्यावर मी पुन्हा तोच धडा शिकवला. त्या पोराला मी शोधून सांगितलं नाही की मला उत्तर सापडलंय. सापडलं होतं की नाही, हेही मला नक्की माहीत नव्हतं. एवढंच वाटलं की त्या जुन्या नाटकांत काम करणारे सुतार आणि विणकर घरी गेल्यावर काय बोलत असतील, ते कुणी लिहून ठेवायला हवं होतं. लोभाचं काम केलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात कसा उभा राहत असेल? मरणाचं काम केलेल्याला त्याची बायको जेवायला कशी वाढत असेल? नाटक पाठ करून संपतं. काम अंगाला लागून घरी येतं.

नंतरच्या वर्षांत जत्रा पुन्हा पहिल्यासारखी झाली. तमाशा आला, ऑर्केस्ट्रा आला. आमचं नाटक लोकांच्या बोलण्यात राहिलं, रामाच्या झोपेमुळं जास्त. तात्या आणि काकू एकमेकांशी बोलतात. कामापुरतं. यंदा काकूच्या रानात येळवसला तात्या जेवायला होते. त्यांना तिनं वाढलं. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी मला पुरली असती.

पण यंदा गुरुजींनी पुन्हा ठरवलं. म्हणाले, "माझे दिस किती ऱ्हायलेत? जिवाचं काम आणिक येकदा करतो." आणि मागच्याच जागी, देवळापुढं, सगळ्यांना बोलावलं. मी सुट्टी काढून गेले होते. मदाचं ठरलं, लोभाचं ठरलं. रामानं आळसाचं काम घ्यायला साफ नकार दिला. मग गुरुजींनी नेहमीसारखं मागं बायकांकडं बघितलं.

"क्षमा मला नको," काकू म्हणाली.

गुरुजी थांबले.

"क्षमा कुणालाबी द्या. आयत्या येळी येऊन चांगलं चांगलं बोलायचं, येवढंच तर हाय तिला. मला भयाचं काम द्या."

पारावरच्या सगळ्या माना कडेला वळल्या. तात्या तिथंच होते, कडेला, गुडघ्याभोवती हात घालून बसलेले. गुरुजींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा काकूकडं, आणि म्हणाले, "लिही गं पोरी. भय, सुमन."

तालीम त्याच संध्याकाळी सुरू झाली. वेशीतला प्रवेश आला तेव्हा ऊन जवळजवळ गेलं होतं. काकू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. इकडं सरकली, तिकडं सरकली. पदर खोचला. पुन्हा सरकली. मग मागं वळली.

"भावजी, हितं उभारायचं, का जरा मागं?"

तात्या उठले. गुडघ्याला हात लावून, सावकाश. चालत वेशीत गेले, काकूच्या शेजारी उभे राहिले, जमिनीकडं बघत दोन पावलं बाजूला सरकले आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली.

"हितं," ते म्हणाले. "हितनं सगळा रस्ता दिसतो."